इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी हेडफोन: खर्ज किती खोल जातो ते आधी पाहा

प्रश्न असा आला आहे: बजेट बारा हजार. ऐकणं मुख्यतः टेक्नो, ड्रम अँड बेस, थोडा सायट्रान्स आणि रात्री अँबिएंट. रोज डोंबिवली ते दादर लोकलचा प्रवास. डोळ्यांवर चष्मा. फोनला हेडफोनचा जॅक नाही. दुकानदार ‘एक्स्ट्रा बास’वालं मॉडेल पुढे करतोय, मित्र म्हणतोय ओपन-बॅक (मागून उघडा असलेला) घे, आणि ब्लूटूथवर संगीत खराब होतं असं कुठेतरी वाचलंय. तर घ्यावं काय?

मी पुण्यात बावीस वर्षं मिक्सिंग आणि मास्टरिंग करतोय, त्याआधी काही वर्षं लाइव्ह साउंडवर होतो. इलेक्ट्रॉनिक संगीत माझ्या कामातही रोज असतं आणि काम संपल्यावरही मी तेच लावतो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, ते नीट जागी लागावेत.

सगळ्यात आधी पाहायच्या गोष्टी माझ्या मते दोनच. हेडफोन तुमच्या कानावर हवाबंद बसतो का, आणि तसा बसल्यावर त्याचा आवाज ४० हर्ट्‌झपर्यंत सरळ खाली उतरतो का (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका कमी तितका सूर खालचा). ब्रँड, ड्रायव्हरचे (आवाज काढणाऱ्या पडद्याचे) मिलीमीटर, डब्यावरची २० ते २०,००० हर्ट्‌झची ओळ, हे सगळं त्यानंतर. ती ओळ तर शंभर रुपयांच्या इअरफोनच्या पाकिटावरही छापलेली असते.

चाळीसच का, ते सांगतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्‌झला वाजते. पण तारेतून फक्त ४१ निघत नाही. त्याबरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांश भरपूर निघतात. साध्या हेडफोनने खालचा ४१ खाल्ला तरी वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून जुनी हिंदी गाणी ट्रान्झिस्टरवरही बेसुरी किंवा पोकळ वाटत नाहीत. इलेक्ट्रॉनिक संगीतात ही सोय बऱ्याचदा नसते. रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन बाजारात आणलं. त्याची किक (ठेक्यातला सगळ्यात जाड ठोका) म्हणजे ५० हर्ट्‌झच्या आसपासची, हळूहळू विझत जाणारी जवळजवळ शुद्ध लहर. तिच्यात वरचे स्वरांश फारच थोडे. हेडफोनला ते पन्नास वाजवता आले नाहीत, तर मेंदूला भरून काढायला हाताशी काही उरत नाही. नुसती ‘टक्’ ऐकू येते आणि तिच्यामागचा सगळा घुमारा गायब होतो. ड्रम अँड बेसमधला सब-बास, म्हणजे सगळ्यात खालचा बास, हाही असाच, बहुतेक वेळा ४० ते ६० हर्ट्‌झमध्ये राहणारा साधा साइन स्वर, म्हणजे वरच्या स्वरांशांशिवायचा शुद्ध सूर. तो गेला म्हणजे रचनेतला एक अख्खा वादकच उठून गेला.

डग्ग्याचं उदाहरण घ्या. डग्ग्यावर थाप पडते तेव्हा बोटांचा आघात वेगळा असतो आणि मनगटाने दाबून काढलेली घुमक वेगळी. चांगल्या किकमध्येही हेच दोन भाग असतात: वरचा आघात २ ते ५ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, आणि पोट ५० ते ६०च्या घरात. दोन्ही एकाच क्षणी आणि एकमेकांच्या प्रमाणात पोचले, तर ती थाप अंगावर येते.

आता ‘एक्स्ट्रा बास’. या लेबलाखालच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत वाढवलेला असतो तो १०० ते २०० हर्ट्‌झचा पट्टा. तो वाढवायला सोपा, आणि दुकानात दोन मिनिटांत ‘व्वा’ वाटायला लावणारा. खरा खर्ज त्याच्या कितीतरी खाली असतो. हा मधला पट्टा फुगला की किक आणि बासलाइन एकमेकांत मिसळतात, त्यावरचा सिंथ दबतो, आणि अर्ध्या तासात डोक्यावर उशी ठेवल्यासारखं वाटायला लागतं.

याची परीक्षा करायला सायट्रान्ससारखं दुसरं काही नाही. नव्वदच्या दशकात गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर ज्या पार्ट्या व्हायच्या, तिथून हे संगीत जगभर गेलं. त्या उन्हात आणि दमट हवेत व्हायनल रेकॉर्ड टिकायच्या नाहीत, म्हणून तिथले डीजे डॅट या डिजिटल टेपवर वाजवायचे. सायट्रान्सची ठेवण ठरलेली असते: प्रत्येक मात्रेचे चार भाग, पहिल्यावर किक, उरलेल्या तिन्हींवर बास. लय मिनिटाला १४५ धरली तर एक मात्रा ४१४ मिलिसेकंदांची, म्हणजे बासचा एकेक स्वर जेमतेम १०३ मिलिसेकंद. हेडफोन कानावर चढवा आणि ते तीन स्वर मोजा. एक, दोन, तीन असे सुटे ऐकू आले, त्यांच्यामध्ये बारीकशी फट जाणवली, तर हेडफोन कामाचा आहे. तिन्ही मिळून एकच ‘घुऽऽ’ ऐकू आलं तर तो हेडफोन खाली ठेवा, त्यावर बास कितीही असो.

दुसरी परीक्षा टीबी-३०३ची. १९८१ साली रोलंडनेच काढलेला हा बास सिंथेसायझर. अॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या प्रकारातला तो पिळवटत वर चढणारा आवाज याचाच. मला फार अभिमान वाटतो की या यंत्राचं एक फार सुरुवातीचं आणि फार सुंदर काम मुंबईत झालं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ आणि जुपिटर-८ हा सिंथेसायझर एवढीच सामग्री घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. शिकागोमधून अॅसिड हाउस बाहेर येण्याच्या कितीतरी आधी. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला तिचा पत्ता लागला. ती ऐकताना ३०३च्या मींडेकडे लक्ष द्या. फिल्टर उघडत जातो तसा स्वर खालून वर सरकतो, आणि त्या प्रवासात कुठेही एकदम मोठा किंवा एकदम लहान होऊ नये. हेडफोनच्या मधल्या पट्ट्यात खड्डा असेल तर तो मीं‌डेच्या मध्यावर बरोबर सापडतो.

मी सुरुवातीला ‘हवाबंद’ म्हणालो, त्याकडे परत येतो, कारण पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथे. ४० हर्ट्‌झची एक लहर हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते. क्लबमधले मोठे स्पीकर खोलीभर हवा हलवून ती उभी करतात. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेल्या, हेडफोनकडे खोली नाही. त्याच्याकडे आहे फक्त तुमचा कान आणि पॅड यांमधली वाटीभर हवा. पडदा त्या हवेवर दाब देतो आणि तो दाब थेट कानाच्या पडद्यावर येतो. वाटीला फट पडली की दाब निसटतो, आणि निसटतो तो आधी खर्जाचाच. वरचे सूर जसेच्या तसे राहतात, त्यामुळे फट आहे हे कळतही नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगा आला. डीटी ७७० प्रो हा क्लोज्ड-बॅक हेडफोन विकत घेऊन महिना झाला होता आणि तो अगदी हिरमुसलेला होता. “सर, सगळे म्हणतात याचा सब-बास जबरदस्त आहे. मला तर काहीच येत नाहीये. डुप्लिकेट मिळाला का?” मी साइन स्वर लावला, १०० हर्ट्‌झपासून हळूहळू खाली. सत्तरपर्यंत तो मान हलवत होता, साठला त्याचा चेहरा पडला, पन्नासला म्हणाला, “संपलं.” त्याच्या चष्म्याच्या काड्या जाड होत्या, चांगल्या चार-पाच मिलीमीटरच्या, आणि पॅडच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट. मी त्याला चष्मा काढायला सांगितला आणि पॅड कानामागे नीट दाबून बसवले. पुन्हा १०० पासून सुरू केलं. पन्नास गेले, चाळीस गेले, पस्तीसला तो डोळे मिटून हसत होता. हेडफोन तोच, फाइल तीच, आवाजाची पातळी तीच. त्याने पुढच्या आठवड्यात बारीक धातूच्या काड्यांचा चष्मा करून घेतला. बाराशे रुपयांत त्याचा हेडफोन नवा झाला.

तुम्हालाही चष्मा आहे, म्हणून हा किस्सा मुद्दाम लिहिला. मऊ आणि जाड पॅड काडीभोवती थोडे वळतात, कडक पातळ पॅड वळत नाहीत. केस लांब असतील तर ते पॅडखाली अडकू देऊ नका. कानात घालायच्या इअरफोनला चष्म्याचा त्रासच नाही, पण तिथे रबराचं माप चुकलं की अगदी हेच होतं. डब्यात तीन मापं येतात ती त्यासाठीच. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागणं हेही अगदी सर्रास दिसतं.

ओपन-बॅकबद्दल मित्र अगदीच चूक सांगत नाहीये. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ आणला तो पहिला ओपन-बॅक, आणि तेव्हापासून या जातीचे हेडफोन मोकळ्या, हवेशीर आवाजासाठी ओळखले जातात. एचडी ६०० आणि एचडी ६५० वर अँबिएंट ऐकणं हा मोठाच आनंद आहे. सूर डोक्याच्या आत न राहता बाजूला पसरतात, सिंथच्या लांबवलेल्या सुरांचे थर एकामागे एक उभे राहतात. पण साध्या डायनॅमिक (नेहमीच्या गुंडाळीवर चालणाऱ्या) ड्रायव्हरच्या ओपन-बॅकमध्ये मागून हवा मोकळी असल्यामुळे खर्ज हळूहळू उतरत जातो, आणि टेक्नोच्या किकला नेमकं तिथेच जीव लागतो. प्लेनर मॅग्नेटिक (सपाट पातळ पडदा असलेल्या) जातीचे ओपन-बॅक खाली सरळ जातात, मला ते फार आवडतात, पण त्यांतले मला पटलेले तुमच्या बजेटबाहेर आहेत. आणि ओपन-बॅकचा आवाज बाहेरही बराच ऐकू येतो. लोकलच्या डब्यात तो वापरताच येणार नाही, आणि घरात शेजारच्या खाटेवर कोणी झोपलं असेल तरी नाही. तुमच्यासाठी क्लोज्ड-बॅक.

आता नावं घेतो. यांतला प्रत्येक हेडफोन मी कामात किंवा घरी महिनोन्‌महिने वापरलेला आहे. किमती सतत हलतात, म्हणून आकडे देत नाही. सगळे तुमच्या बजेटच्या अलीकडे-पलीकडे सापडतील.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, वर ज्याचा किस्सा सांगितला तो. जर्मनीत हाइलब्रॉनला बनतो. मखमली पॅड, तासन्‌तास घातला तरी कान दुखत नाहीत, आणि नीट बसला तर सब-बास खरोखर खोल. खोट एकच पण ती लक्षात घ्यायलाच हवी: वरचा पट्टा टोकदार आहे. टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या हाय-हॅटने (झांजेसारख्या आवाजाने) भरलेलं टेक्नो तासभर मोठ्याने ऐकलं की कान शिणतात. इक्वलायझरने (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास तीन-चार डेसिबल उतरवले की हा हेडफोन एकदम माणसाळतो. तो ३२, ८० आणि २५० ओहम असा मिळतो; हा त्याचा विद्युतरोध, आकडा मोठा तितका वाजवायला जास्त जोर लागतो. ८० ओहमची वायर तीन मीटर आहे आणि कोणत्याच प्रकाराची सुटी होत नाही. घरच्या खुर्चीसाठी उत्तम, लोकलसाठी मुळीच नाही.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, घडी होणारा, सुट्या होणाऱ्या तीन वायरींसकट येतो. बास थोडा पुढे, पण फुगलेला नाही. हाउस आणि टेक्नो यावर भरदार वाजतं. मधला पट्टा किंचित मागे आहे, त्यामुळे गायकी असलेल्या ट्रॅकमध्ये आवाज जरा दूर वाटतो. चष्म्यावर याचे पॅड मध्यम; घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासूनचा, डीजेंचा लाडका. वायर वगळून वजन फक्त १४० ग्रॅम. कानाभोवती न बसता कानावर बसतो आणि घट्ट पकडतो, त्या पकडीमुळेच क्लबच्या गोंगाटातही किक स्पष्ट कळते. लाइव्हच्या दिवसांत माझ्या गळ्यात कायम हाच असायचा. प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि बदलता येतो, ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पण तासाभराने कानाच्या पाळ्या दुखतात, आणि चष्मा असेल तर अर्ध्या तासातच. निव्वळ ऐकायला मी तो तुम्हाला सुचवणार नाही.

सोनीचा एमडीआर-७५०६ जगभरच्या स्टुडिओंत दिसतो, संवाद आणि संपादनासाठी मीही वापरतो. तुमच्या कामासाठी त्याचा वरचा भाग फार धारदार आहे. एकेजीचा के३७१ मिळाला तर जरूर ऐका; त्याचा खर्ज सरळ आणि खोल आहे, फक्त पॅडच्या ठेवणीमुळे सगळ्यांच्या कानावर तो हवाबंद बसत नाही.

लोकलचं मात्र वेगळं गणित आहे. गाडीचा गडगडाट आणि पंख्यांची घरघर यांचा मोठा भाग खालच्या पट्ट्यातच असतो, म्हणजे नेमका तुमच्या सब-बासच्या जागेवर. म्हणून डब्यात किक लंगडी वाटते आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. नॉइज कॅन्सलिंग (उलट लहरीने बाहेरचा गोंगाट मारणं) सगळ्यात चांगलं चालतं ते याच खालच्या पट्ट्यात, त्यामुळे प्रवासात इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला त्याचा खराखुरा उपयोग आहे. पण चांगलं नॉइज कॅन्सलिंग घ्यायला गेलात तर सगळं बजेट त्यातच जाईल आणि घरी शांतपणे ऐकायला काही उरणार नाही.

म्हणून माझा सल्ला पैसे दोन ठिकाणी वाटायचा. दोन-तीन हजारांत वायरचे चांगले चिनी इअरफोन घ्या. मूनड्रॉपचे चू किंवा सेव्हनहर्ट्‌झचे झीरो या वर्गातले. आज या किमतीत जो खर्ज मिळतो तो पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पाचपट पैसे देऊन शोधत होतो. रबर नीट बसलं की गाडीचा आवाजही बराच अडतो आणि आवाज कमी ठेवूनही किक कळते. उरलेल्या पैशांत घरासाठी एम५०एक्स किंवा थोडे दिवस थांबून सेलमध्ये डीटी ७७० प्रो. एक कळकळीची विनंती: रूळ ओलांडताना, फलाटाच्या कडेला आणि रस्त्यावर दोन्ही इअरफोन काढून खिशात ठेवा. कान बंद असले की मागून येणारी गाडी कळत नाही.

ब्लूटूथची भीती बाळगू नका. ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींपैकी सोनीचा एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, साधा एसबीसी चांगल्या जोडणीवर सव्वातीनशेच्या घरात. चालत्या गाडीत या दोघांतला फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फाइल मुळातच वाईट असेल तर मात्र काहीच उपाय नाही. कुठूनतरी उतरवलेल्या १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये हाय-हॅट पाण्यात बुडवल्यासारखी सळसळते, आणि हेडफोन जितका चांगला तितकी ती जास्त टोचते. ब्लूटूथचा खरा अडथळा येतो तो उशिराचा. आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहतो. नुसतं ऐकताना कळत नाही. पण उद्या तुम्ही स्वतः बीट बनवायला किंवा मिक्स करायला बसलात, तर १७४ च्या लयीत एक मात्राच ३४५ मिलिसेकंदांची असते. त्यात दोनशेचा उशीर म्हणजे बोट एका जागी आणि आवाज अर्ध्या मात्रेपेक्षा मागे. ते हातांना कधीच जमत नाही. म्हणूनही वायरचा एक हेडफोन घरी असावा.

जॅक नाही याची चिंता करू नका, यूएसबी-सीचा छोटा डोंगल (फोनला जॅक जोडून देणारा तुकडा) पुरतो. साधे डोंगल अर्धा ते एक व्होल्ट देतात. डीटी ७७०चा ८० ओहमचा प्रकार अर्ध्या व्होल्टवरही १०० डेसिबलपर्यंत पोचतो, आणि आजचं इलेक्ट्रॉनिक संगीत मास्टरिंगमध्येच इतकं भरलेलं असतं की त्याहून जास्त लागण्याचं कारण नाही. २५० ओहम घ्यायचा तर टेबलावर ऑडिओ इंटरफेस किंवा अॅम्प असू द्या. तो फोनवर वाजतो, पण इक्वलायझर लावायला जागा उरत नाही. आठवडाभर नुसतं वाजत ठेवून हेडफोन ‘मोकळा’ करायची पद्धत मी पूर्वी पाळायचो. आता माझं मत असं की त्या आठवड्यात मऊ होतात ते पॅड, आणि सवय होते ती आपल्या कानाला.

इक्वलायझर वापरायला लाजू नका. विंडोजच्या संगणकावर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो, अँड्रॉइडवर वेव्हलेट हे अॅप आहे, त्यात शेकडो हेडफोनांचे तयार आराखडे आहेत. यांतले बरेचसे हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी केलेल्या कामावर उभे आहेत. त्यांना असं दिसलं की चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन बहुतेक लोकांना आवडतो, म्हणजे खालच्या पट्ट्याला थोडा उठाव आणि वरचा पट्टा सौम्य उतरता. तुम्ही ६० हर्ट्‌झखाली चार डेसिबल वाढवलेत तर एकूण पातळी तेवढीच चार डेसिबल खाली घ्या, नाहीतर भरलेल्या ट्रॅकमध्ये किक फाटते. आणि फटीतून निसटणारा खर्ज इक्वलायझरने परत येत नाही. तिथे पॅडच नीट बसवायला हवा.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडं मनापासून. गणपतीत ढोलपथकाजवळ उभं राहिलं की ढोल पोटात वाजतो. क्लबमध्येही किक छातीवर येते. हेडफोन छातीपर्यंत पोचू शकत नाही, तो फक्त कानापर्यंत पोचतो. ती छातीवरची थाप शोधत माणूस आवाज वाढवत जातो, आणि ती कितीही वाढवली तरी येत नाही. माझ्या लाइव्हच्या वर्षांनी माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची ठेवली आहे. रात्री अँबिएंट लावतो तेव्हा दोन सुरांमधल्या शांततेत ती मला ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असं आहे, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर फक्त ५. रोज दोन-सव्वादोन तास लोकलमध्ये जात असतील तर ८९ वर हा कोटा दोन-अडीच दिवसांतच संपतो. हळू आवाजात खर्ज लवकर विरतो हे खरं आहे, कानाची घडणच तशी आहे. तेव्हा आवाज न वाढवता इक्वलायझरमधून खालचे दोन-तीन डेसिबल वाढवा, तेवढ्याने भागतं.

दुकानात जाल तेव्हा, मग ती लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, स्वतःचा फोन, डोंगल आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेले तीन ओळखीचे ट्रॅक घेऊन जा. एक सायट्रान्स, एक लांब सब-बासचा ड्रम अँड बेस, एक जवळजवळ रिकामा अँबिएंट. दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. एखादा डेसिबल मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच चांगला वाटतो, विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. आणि तो वीस मिनिटं डोक्यावर राहू द्या, चष्म्यासकट. पाच मिनिटांत कानामागे टोचायला लागलं तर पुढे सवय होईल या आशेवर घेऊ नका.

पॅडबद्दल एवढंच की मुंबईच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याचे पॅड दीड-दोन वर्षांत सोलवटतात, काळे कपचे कानाला चिकटायला लागतात, आणि फट पडून बास हळूहळू नाहीसा होतो. वापरून झाल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसून ठेवा. बदलताना कंपनीचेच घ्या. जाडी किंवा कापड बदललं की आवाजही बदलतो, आणि एम५०एक्सला मखमली पॅड लावून खर्ज घालवलेले लोक माझ्याकडे येतात.

हेडफोन घरी आला की पहिल्याच रात्री पंखा बंद करून बसा. १०० हर्ट्‌झपासून ३० पर्यंत हळू उतरणारा साइन स्वर लावा, हे बऱ्याच फुकट अॅपमध्ये असतं. आवाज मध्यम. स्वर डोक्याच्या बरोबर मधोमध राहिला पाहिजे. एका बाजूला झुकला तर आधी त्या बाजूचा पॅड दाबून पाहा, मग हेडफोन उलटा घालून पाहा. उलटा घातल्यावर झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनमध्ये आहे, त्याच कानाला राहिला तर फट तुमच्या बाजूने आहे. मध्येच कुठे खर्रखर्र ऐकू आली तर ड्रायव्हरवर केस किंवा धूळ बसली असेल किंवा तो फाटका निघाला असेल. पस्तीसच्या आसपास स्वर संपून नुसती थरथर उरते, ते ठीक आहे. साठलाच सगळं संपलं, चष्मा काढूनही संपलं, तर परतीची मुदत जायच्या आत तो परत करा आणि दुसरा मागवा.